गाडीचा परवाना नसलेला इंजिनवाला: फेलिक्स वांकेल

ज्याचं नाव मोटारीच्या एका इंजिनाला कायमचं चिकटलं, त्या माणसाकडं गाडी चालवायचा परवाना आयुष्यभर नव्हता. नजर फार अधू होती. अभियांत्रिकीची पदवी नव्हती, कॉलेजची पायरीही चढला नव्हता. या जर्मन माणसाचं नाव फेलिक्स वांकेल. जन्म १३ ऑगस्ट १९०२, मृत्यू ९ ऑक्टोबर १९८८.

त्याच्या इंजिनाला रोटरी किंवा वांकेल इंजिन म्हणतात. एकेकाळी जगातल्या मोठमोठ्या मोटार कंपन्या त्याच्या मागं लागल्या होत्या. पुढं एकेकीनं ते सोडलं. पण अमेरिकेत घराच्या शेडमध्ये स्वतःचं विमान स्वतः बांधणाऱ्या हौशी मंडळींनी तेच इंजिन भंगारातल्या गाड्यांतून काढून विमानाला बसवलं. आपल्याकडं अहमदनगर आणि बेंगळुरूच्या संशोधकांनी ते पायलट नसलेल्या विमानात उडवून दाखवलं. वांकेलचं निम्मं आयुष्य इंजिनातली गळती बंद करण्यात गेलं. इंजिनाच्या तापाचा हिशेब मात्र पुढच्यांना करावा लागला, आणि तो अजून चालूच आहे.

वनखात्यातल्या अधिकाऱ्याचा मुलगा

ब्लॅक फॉरेस्ट म्हणजे जर्मनीतला घनदाट जंगलाचा डोंगराळ भाग. त्याच्या कडेला लार नावाचं गाव आहे. फेलिक्सचा जन्म तिथला. वडील वनखात्यात अधिकारी होते. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं आणि सुरुवातीलाच वडील रणांगणावर पडले. फेलिक्स त्यावेळी अवघा १२ वर्षांचा. आई मुलाला घेऊन हायडेलबर्गला आली. घरची शिल्लक महागाईनं खाल्ली. शाळेची शेवटची परीक्षा न देताच १९२१ मध्ये फेलिक्सचं शिक्षण थांबलं आणि हायडेलबर्गमधल्या एका पुस्तक प्रकाशकाकडं तो नोकरीला लागला.

मन मात्र यंत्रात होतं. १७ व्या वर्षी त्याला म्हणे एक स्वप्न पडलं. स्वप्नात तो स्वतः बनवलेल्या गाडीतून चालला होता आणि त्या गाडीचं इंजिन अर्धं टर्बाइनसारखं, अर्धं नेहमीच्या इंजिनासारखं होतं. १९२४ मध्ये त्यानं हायडेलबर्गमध्ये छोटं वर्कशॉप सुरू केलं. १९२९ मध्ये फिरत्या इंजिनाचं पहिलं पेटंट त्याच्या नावावर लागलं.

नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर जातो, थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो. मिनिटाला हजारो वेळा ही थांबाथांब चालते. ती थरथर पेलायला क्रँक, कनेक्टिंग रॉड, व्हॉल्व्ह, स्प्रिंग असा सगळा बारदाना लागतो. गरगर फिरणारी वस्तू हे सगळं टाळू शकते, हे वांकेलच्या आधीही अनेकांना सुचलं होतं. घोडं अडत होतं गळतीपाशी. गोल पिस्टनला गोल रिंग घालून वायू अडवता येतो. फिरणाऱ्या टोकदार तुकड्याच्या कडेनं पेटलेला वायू अडवायचा कसा? वांकेलनं नेमकं हेच कोडं धरलं आणि सोडलं नाही.

नाझी पक्ष, तुरुंग आणि लिंडाऊ

वांकेलच्या आयुष्याची दुसरी बाजू अनेक गौरवलेखांत एका ओळीत उरकलेली असते. ती तशी उरकण्यासारखी नाही. ऐन विशीत तो ज्यूद्वेष्ट्या संघटनांत शिरला. १९२२ मध्ये, म्हणजे हिटलर सत्तेवर येण्याच्या ११ वर्षं आधी, तो नाझी पक्षाचा सदस्य झाला. पोटापाण्यासाठी नाइलाजानं पक्षाचं कार्ड घेणाऱ्यांतला तो नव्हता. स्वतःच्या मतानं, फार लवकर आणि उत्साहानं तो त्यात उतरला होता. बाडेन भागात पक्षाच्या तरुण मुलांच्या संघटनेचं कामही त्यानं बघितलं.

मग पक्षाच्याच स्थानिक पुढाऱ्याशी त्याचं वाजलं. रॉबर्ट वाग्नर हा बाडेनचा नाझी प्रमुख. त्याच्यावर वांकेलनं भ्रष्टाचाराचे उघड आरोप केले. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि वाग्नरनं वांकेलला लारच्या तुरुंगात टाकलं. ज्या गावात जन्म, त्याच गावात कोठडी. काही महिन्यांनी हिटलरचा आर्थिक सल्लागार विल्हेल्म केप्लर यानं रदबदली केली, तेव्हा तो सुटला.

हा तुरुंगवास दाखवून त्याला नाझींचा बळी ठरवता येत नाही. भांडण पक्षातलं होतं, विचारांचं नव्हतं. सुटल्यावर त्याला सरकारी मदतीनंच काम मिळालं. १९३६ पासून कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी लिंडाऊ इथं हवाई मंत्रालयाच्या पैशावर त्याचं वर्कशॉप उभं राहिलं. लढाऊ विमानांच्या इंजिनासाठी फिरते व्हॉल्व्ह आणि त्यांचं सीलिंग यावर तिथं काम चाललं. १९४० मध्ये त्याला एसएसमध्ये हुद्दाही मिळाला, तो १९४२ मध्ये काढून घेतला गेला. युद्ध संपल्यावर फ्रेंच सैन्यानं वर्कशॉप उचकटून नेलं आणि वांकेलला कैदेत ठेवलं. १९४६ मध्ये तो बाहेर आला तेव्हा हातात काही उरलं नव्हतं.

पुढं त्याला मोठमोठे मान मिळाले, पण या हिशेबाची चौकशी फारशी कुणी केली नाही. इंजिन वापरणाऱ्यानं अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. पण जयंतीला त्याचं चरित्र सांगायचं तर जमेच्या पानासमोरचं हे पानही उघडावं लागतं.

त्रिकोणी रोटरचं इंजिन

१९५१ मध्ये पिस्टन रिंग बनवणाऱ्या गोट्झे कंपनीनं आणि नेकार्सउल्मच्या एनएसयू या मोटारसायकल कंपनीनं वांकेलला हात दिला. लिंडाऊच्या घरातच त्याचं काम पुन्हा सुरू झालं. १९५४ मध्ये आकार हाती लागला. कमरेत किंचित दाबलेल्या लंबगोल डब्यात फुगीर बाजूंचा त्रिकोण फिरतो आणि त्याची तिन्ही टोकं सतत डब्याच्या भिंतीला टेकलेली राहतात. १ फेब्रुवारी १९५७ रोजी त्याचं पहिलं इंजिन चाललं.

त्या इंजिनात रोटरही फिरायचा आणि बाहेरचा डबाही फिरायचा. थरथर जवळपास नाही, पण स्पार्क प्लग बदलायचा तर अख्खं इंजिन खोलावं लागायचं. एनएसयूमधला अभियंता हान्स डीटर पाश्के यानं डबा एका जागी स्थिर ठेवला आणि फक्त रोटर फिरवला. वांकेलला हे अजिबात रुचलं नाही. आपल्या शर्यतीच्या घोड्याला नांगराला जुंपलं, असंच त्याला वाटलं. पण आज जगात जे वांकेल इंजिन म्हणून ओळखलं जातं, ते पाश्केनं केलेलं रूप आहे. जानेवारी १९६० मध्ये म्युनिकला ते जाहीरपणे मांडलं गेलं.

त्याची गंमत अशी. त्रिकोणाच्या तीन बाजूंना तीन कप्पे होतात. प्रत्येक कप्पा फिरता फिरता मिश्रण ओढतो, दाबतो, पेटवतो आणि धूर बाहेर टाकतो. रोटर एकदा फिरला की मधला शाफ्ट तीनदा फिरतो. व्हॉल्व्ह नाहीत, कनेक्टिंग रॉड नाहीत. दोन रोटरच्या इंजिनात हलणारे मुख्य भाग मोजून तीन, दोन रोटर आणि एक शाफ्ट. उद्यमबागेत लेथवर उभ्या राहणाऱ्या कुणालाही हा आकडा ऐकून नवल वाटेल.

पहिल्या महायुद्धातल्या विमानांनाही रोटरी इंजिन होतं, पण ते वेगळं. त्यात पिस्टनच असायचे आणि सिलिंडरसकट अख्खं इंजिन पंख्याबरोबर गरगर फिरायचं. नाव एक असलं तरी वांकेलच्या इंजिनाशी त्याचं नातं नाही.

कंपन्या आल्या आणि गेल्या

एनएसयूनं १९६४ मध्ये स्पायडर ही पहिली वांकेल गाडी काढली आणि १९६७ मध्ये आरओ ८०. आरओ ८० ला युरोपातल्या १९६८ च्या सर्वोत्तम गाडीचा मान मिळाला. पण रोटरच्या टोकाची सीलं लवकर झिजू लागली आणि इंजिनं वॉरंटीत परत येऊ लागली. आरओ ८० चे दोन मालक रस्त्यात समोरासमोर आले की आपलं कितवं इंजिन चालू आहे ते बोटांनी दाखवायचे, असं सांगतात. तोटा वाढला. १९६९ मध्ये एनएसयू फोक्सवॅगनच्या पोटात गेली.

जपानमध्ये हिरोशिमाच्या तोयो कोग्यो, म्हणजे आताच्या माझदा कंपनीनं परवाना घेतला होता. केनिची यामामोटो यांच्या हाताखाली ४७ अभियंत्यांचा गट याच कामाला लागला. डब्याच्या आतल्या भिंतीवर सीलांनी ओरखडे पडायचे. सैतानाच्या नखांचे ओरखडे, असं त्याला ते म्हणायचे. कार्बन आणि अॅल्युमिनियमच्या मिश्रणाची सीलं करून त्यांनी वाट काढली आणि मे १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली.

अमेरिकेच्या जनरल मोटर्सनं १९७० मध्ये ५ कोटी डॉलरला परवाना घेतला. १९७३ मध्ये तेलसंकट आलं, पेट्रोल भडकलं आणि पेट्रोल जास्त पिणारं इंजिन कुणालाच नकोसं झालं. जनरल मोटर्सची रोटरी गाडी बाजारात आलीच नाही. माझदानं मात्र धरून ठेवलं. १९७८ मध्ये आरएक्स-७ काढली आणि १९९१ मध्ये रोटरी इंजिनावरच फ्रान्समधली ले मॉंची २४ तासांची शर्यत जिंकली. ते बघायला वांकेल हयात नव्हता.

भंगारातून आकाशात

वांकेल इंजिन आकाशात मोठ्या कंपनीमार्फतच आधी गेलं. कर्टिस-राईट या जुन्या विमान कंपनीनं १९५८ मध्येच परवाना घेतला होता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस लॉकहीडच्या क्यू-स्टार या कमी आवाजाच्या विमानावर त्यांचं इंजिन बसलं. पण खरा मुक्काम त्यानं नंतर हौशी विमान बांधणाऱ्यांच्या शेडमध्ये केला.

अमेरिकेत निम्म्याहून जास्त काम हौशी माणसानं स्वतः केलं असेल, तर घरी बांधलेल्या विमानाला वेगळ्या वर्गात परवानगी मिळते. तयार विमान-इंजिन महाग असतं. आरएक्स-७ मधलं १३बी नावाचं इंजिन जुन्या गाड्यांच्या बाजारात त्या मानानं स्वस्तात मिळायचं. दोन रोटर, एकूण १३०८ सीसी, आकार लहान, थरथर कमी. मिनिटाला सुमारे ६,००० फेरे घेणाऱ्या शाफ्टला मध्ये गिअर टाकून पंख्याचे फेरे निम्म्याच्या आसपास आणायचे, की विमान उडवण्याजोगी ताकद मिळते.

यात एक मोठं आकर्षण होतं. पिस्टन इंजिनात रॉड तुटला तर इंजिन तिथंच अडकू शकतं. रोटरीत सील तुटलं किंवा इंजिन तापलं तर ताकद घटते, पण बहुतेक वेळा शाफ्ट फिरत राहतो. खाली शेतं आणि झाडं असताना, धावपट्टी गाठायला मिळालेली ती दहा मिनिटं जीव वाचवतात.

तापाचा जमाखर्च

याची किंमत चुकवावी लागते ती उष्णतेत. १०० रुपयांचं पेट्रोल जाळलं तर पंख्यापर्यंत साधारण २५ रुपयांचंच काम पोचतं. बाकीची रक्कम उष्णता होऊन धुरातून, पाण्यातून आणि तेलातून बाहेर पडते. पिस्टन इंजिनात एकाच जागी आधी थंड मिश्रण येतं आणि मग स्फोट होतो, त्यामुळं भिंतीला मधूनमधून गारवा मिळतो. वांकेलच्या डब्यात मात्र स्फोट नेहमी एकाच बाजूला होतो. ती बाजू कायम तापलेली, समोरची बाजू कायम त्या मानानं थंड. रोटर तर पाण्यापासून लांब, आतच फिरतो. त्याला आतून तेलाचे फवारे मारून थंड ठेवावं लागतं. म्हणून या इंजिनात पाणी आणि तेलाकडं जाणाऱ्या उष्णतेतला जवळपास एक तृतीयांश वाटा एकट्या तेलाच्या अंगावर पडतो. गाडीतला छोटा ऑइल कूलर तेवढाच ठेवून उडायला गेलेल्यांचं तेल आधी उकळलं.

गाडी रस्त्यावर पूर्ण ताकद क्वचित वापरते. विमान उड्डाणाला पूर्ण ताकद लावतं आणि पुढंही तासन्‌तास ६० ते ७५ टक्क्यांवर चालतं. सगळ्यात वाईट वेळ वर चढतानाची. ताकद सर्वात जास्त, वेग सर्वात कमी, म्हणजे रेडिएटरला वारा सर्वात कमी. जमिनीवरच्या चाचणीत पास झालेलं इंजिन उन्हाळ्याच्या दुपारी ५०० फुटांवर काटा लाल रेघेत नेऊ शकतं.

मोठा रेडिएटर लावला की भागलं, असंही नाही. हवा पाण्यासारखीच सोपी वाट शोधते. रेडिएटरच्या कडेला बोटभर फट राहिली तर ती जाळीतून न जाता फटीतून पळते. म्हणून हौशी बांधकाम करणारे तोंडाशी लहान आणि आत रुंद होत जाणारी वाट तयार करतात. रुंद जागेत हवेचा वेग कमी होतो, दाब वाढतो आणि ती जाळीतून रेटली जाते. बाहेर पडायची वाटही तितकीच मोकळी लागते. अनेकांनी जुन्या गाड्यांच्या एसीतले जाड, आटोपशीर इव्हॅपोरेटर काढून रेडिएटर म्हणून वापरले आणि ते चालले. अशा प्रत्येक विमानामागं कापलेले पत्रे, बदललेले पाइप आणि वहीत टिपलेले तापमानाचे आकडे असतात.

पेट्रोल वाहून नेणं

दुसरी किंमत पेट्रोलची. वांकेलच्या लांबट कप्प्यात मिश्रण पूर्ण जळत नाही, काही भाग धुराच्या नळीत जाऊन पेटतो. धूर इतका तापतो की साधे सायलेन्सर फाटतात. त्याच ताकदीच्या विमानी पिस्टन इंजिनापेक्षा हे इंजिन पेट्रोल थोडं जास्त पितं. पण त्याला शिसं घातलेलं महाग विमान-पेट्रोल लागत नाही, पंपावरचं साधं पेट्रोल पुरतं. हिशेब तिथं जमतो.

अडचण अशी, की साधं पेट्रोल विमानतळावर फारसं मिळत नाही. मग ते पंपावरून कॅनमध्ये भरून किंवा पिकअपमध्ये टाकी ठेवून न्यावं लागतं. पेट्रोलचं वजन लिटरला पाऊण किलोपेक्षा किंचित कमी, म्हणजे १०० लिटर सुमारे ७२ किलो. वजनापेक्षा मोठी भीती स्थिर विजेच्या ठिणगीची. कॅन गाडीच्या प्लॅस्टिकच्या अस्तरावर ठेवून भरला तर ठिणगी पडून भडका उडू शकतो. म्हणून कॅन जमिनीवर ठेवायचा, नोझल त्याच्या तोंडाला टेकलेलं ठेवायचं आणि विमानात ओतताना विमान व टाकी तारेनं जोडून घ्यायची, हा नियम.

इथेनॉलचं भान वेगळं ठेवावं लागतं. आपल्याकडच्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, अमेरिकेत ते बहुतेक ठिकाणी १० टक्के असतं. इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या रबराला खातं. त्याची परीक्षा सोपी आहे. काचेच्या नळीत खुणेपर्यंत पाणी, वर पेट्रोल घालून हलवायचं. पाण्याची पातळी खुणेच्या वर सरकली तर इथेनॉल आहे. त्यात रोटरीचा तापलेला धूर-पाइप इंजिनाच्या खोलीतच असतो. त्याच्याजवळून पेट्रोलची नळी गेली तर पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसतीच वाफ ओढतो. इंजिन थंड ठेवणं आणि पेट्रोल पोचवणं ही दोन कामं विमानात वेगळी राहतच नाहीत.

कोलारची सकाळ

या इंजिनाचा एक धागा आपल्या भागापर्यंत येतो. डीआरडीओच्या निशांत या पायलट नसलेल्या विमानासाठी भारतात वांकेल इंजिन तयार झालं. बेंगळुरूची राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळा, अहमदनगरची वाहन संशोधन संस्था आणि बेंगळुरूची वैमानिक विकास संस्था यांनी मिळून ते केलं. ५ एप्रिल २००९ रोजी कोलारजवळच्या दुसऱ्या महायुद्धातल्या एका पडीक धावपट्टीवर निशांतनं या इंजिनावर पहिलं उड्डाण केलं. इंजिनाचं वजन सुमारे ३० किलो. सुमारे ४० मिनिटांनी विमान एका कोरड्या तळ्यात सुखरूप उतरलं.

शेवटची वर्षं

वांकेलला १९६९ मध्ये म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानं मानद डॉक्टरेट दिली. १९७१ मध्ये त्यानं इंजिनाच्या परवान्यांच्या उत्पन्नातला आपला वाटा लोनरो या ब्रिटिश उद्योगसमूहाला विकला. शाळा अर्धवट सुटलेला मुलगा जर्मनीतल्या श्रीमंतांत गणला गेला. वेगवान बोटींचे प्रयोग त्यानं चालू ठेवले. प्राण्यांवरच्या प्रयोगांना त्याचा ठाम विरोध होता. त्यांना पर्याय शोधणाऱ्या संशोधनासाठी त्याच्या नावाचा पुरस्कार १९७२ पासून आहे. मुक्या प्राण्यांबद्दल एवढी कणव असणाऱ्या माणसानं तरुणपणी माणसांचा द्वेष करणाऱ्या पक्षाचा झेंडा उचलला होता, हे वाचताना मन अडखळतं. ९ ऑक्टोबर १९८८ रोजी हायडेलबर्गमध्ये तो वारला.

माझदानं आरएक्स-८ चं उत्पादन २०१२ मध्ये थांबवलं. २०२३ मध्ये मात्र विजेवरच्या एका गाडीत बॅटरी चार्ज करण्यासाठी छोटा रोटर पुन्हा बसवला. जुनी १३बी इंजिनं आता पूर्वीसारखी स्वस्त मिळत नाहीत. तरी ज्यांच्याकडं ती आहेत ते हौशी वैमानिक आजही उड्डाणाआधी नळीत पेट्रोल हलवून बघतात, रेडिएटरच्या कडेच्या फटी चाचपतात आणि चढताना पाणी व तेलाच्या दोन काट्यांवरून नजर काढत नाहीत.